ज्याचं टोकन त्याची गाडी

माझी आई म्हणायची, निवृत्त नवरा दिवसभर घरात असला की बायको लवकर म्हातारी होते. माझ्यावर ती वेळ आली नाही. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी, सवयीच्या वेळेला, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत कामावर रुजू झाले. तिथं त्यांचा लेथ होता, ऐरण होती आणि कित्येक वर्षांपासून अर्धवट पडलेलं एक वाफेचं इंजिन होतं. खेळण्यातलं नव्हे. खरा कोळसा खाणारं, खरं पाणी पिणारं, खऱ्या वाफेवर धावणारं इंजिन, फक्त आकारानं लहान. उंची माझ्या गुडघ्याएवढी, लांबी आमच्या दिवाणाएवढी आणि वजन असं, की चौघांनी उचलायचं म्हटलं तर पाचव्याला हाक मारावी लागे. मला वाटलं होतं, हौस आहे, दोन पावसाळ्यांत गंजून जाईल. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, तिला वयही नसतं.

आम्ही या हिंदी मुलखात, महाराजपूरला, घर बांधलं तेव्हा इकडं सगळी शेतंच होती, त्यामुळं घरामागं जागा भरपूर मिळाली. तिथं मेथी, वांगी, थोडी कोथिंबीर लावायची असं मी ठरवलं होतं. ह्यांनी पेरूच्या झाडांना वळसा घालून रूळ टाकले. दोन रुळांत वीतभर अंतर. त्यावर इंजिन आणि मागं फळ्यांचे चार डबे. डबे म्हणजे बिनहातांची बाकंच. दोन्हीकडं पाय सोडून घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. पहिल्या डब्यावर, इंजिनाला अगदी चिकटून, ड्रायव्हर. शेवटच्या डब्यावर गार्ड. गार्ड मी. हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि गळ्यात शिट्टी, असा माझा थाट. बायकांचे पदर खोचलेले आहेत ना, मुलांचे पाय खालच्या पायफळीवर आहेत ना, मध्येच कुणी फुलं तोडायला वाकत नाही ना, हे बघायचं, आणि सगळं ठीक असलं तरच हिरवी दाखवून शिट्टी मारायची. गार्डनं शिट्टी मारल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. हा नियम ह्यांनीच केलेला. नियम करण्यात आमच्या ह्यांचा हात कुणी धरणार नाही.

नियम किती म्हणून सांगू? वर्षातून एकदा बॉयलर थंड पाण्यानं गच्च भरून, पंपानं दुप्पट दाब देऊन तपासायचा. थेंबभर गळती दिसली तरी त्या हिवाळ्यात आग बंद. जास्तीची वाफ सोडून देणाऱ्या झडपेला हात लावायचा नाही, ती कितीही कर्कश ओरडली तरी. आग पेटलेलं इंजिन आणि रांगतं मूल, दोन्ही एकटं सोडून उठायचं नाही. पोस्टमन आला तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. माझं दूध बऱ्याचदा उतू गेलेलं आहे.

आणि सगळ्यांत मोठा नियम पाण्याचा. बॉयलरच्या तोंडाशी बोटाएवढी एक काचेची नळी आहे. आत पाणी किती, ते तिच्यात दिसतं. पाणी अर्ध्या काचेवर असलं की निश्चिंत. खाली उतरलं की आगीच्या डोक्यावरचा तांब्याचा पत्रा कोरडा पडतो, मऊ होतो, आणि मग, ह्यांच्या शब्दांत, "ते इंजिन राहत नाही, बॉम्ब होतो." गंमत अशी, की काच पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी, दोन्ही वेळा सारखीच दिसते. म्हणून खालची तोटी क्षणभर उघडून पाणी खरंच खालीवर होतं का, ते पाहायचं. ज्याला काचेतलं पाणी दिसत नाही त्यानं आग पेटवायची नाही. हे वाक्य त्यांनी पत्र्याच्या खोलीच्या दारावर रंगानं लिहून ठेवलं होतं, हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. आमचा मुलगाच पुण्यात राहून आम्हाला हिंदीत उत्तरं देतो, तिथं दुसऱ्यांना काय बोलणार.

आता टोकनाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. ह्यांच्या कारखान्यात प्रत्येकाला नंबर घातलेलं पितळी टोकन असायचं. मशीन उघडून आत काही काम करायचं असलं, की ते बटणापाशी हुकाला अडकवायचं. टोकन लटकतंय म्हणजे माणूस कामावर आहे, त्याच्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही. निवृत्त होताना ते परत द्यावं लागतं. ह्यांनी दिलं, आणि घरी येऊन लेथवर तसंच दुसरं बनवलं, तोच नंबर कोरून. इंजिनात जो दांडा ओढला की वाफ सुटते आणि गाडी चालते, त्याच्याशेजारी एक हुक बसवला. आग पेटवायच्या आधी टोकन हुकावर. ज्याचं टोकन त्याची गाडी. आठ वर्षांत त्या हुकावर दुसरं काही लटकलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यापासून त्यांनी एक नवीन खूळ काढलं. पूर्वी गाडी न थांबता फेऱ्यांवर फेऱ्या मारायची. आता एक फेरी झाली की पेरूपाशी थांबायची आणि मला शेवटच्या डब्यावरून पुढं बोलावणं यायचं.

"सांग, पाणी कुठं आहे?"

"अर्ध्या काचेच्या जरा खाली."

"आणि वाफेच्या दाबाचा काटा?"

"लाल रेघेला टेकला आहे."

"मग तू काय करशील?"

"हातपंप मारीन. थोडं पाणी घालीन."

"शाब्बास. घाल."

या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी उठायचं, पुढं जायचं, आणि नव्या भरतीच्या कामगारासारखं शाब्बास ऐकून मागं यायचं. मी जाम भडकायची. शेजारच्या दीदी हसून म्हणायच्या, "भैया भाभीजी को ट्रेनिंग दे रहे हैं." मीही तसंच समजत होते. आणि खोटं कशाला बोलू, वरवर फणफणले तरी आतून मला ते आवडायला लागलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला स्वतःहून काही शिकवायला घेतलं ते हे पहिलंच. कोळसा पातळ पसरायचा, ढीग घालायचा नाही. चढावर दांडा एकदम ओढायचा नाही, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. हे सगळं मला न मागता येऊन बसलं.

संक्रांतीनंतरचं माझं हळदीकुंकू म्हणजे आमच्या कॉलनीतला मोठा दिवस. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण बायका सगळ्या येतात. कुणी सतनाकडची, कुणी बिहारची, कुणी इथलीच. कुंकू लावून घेतात, तिळगूळ घेतात, हिंदीतून गोड गोड बोलतात, आणि मग पदर खोचून गाडीत बसतात. माझ्या वाणापेक्षा त्यांना गाडीचीच ओढ जास्त, हे मला ठाऊक आहे. सोबत पोरांची पलटण असतेच.

यंदा आदल्या दिवशी ह्यांनी गाडी तपासायला काढली. मी आत तीळ भाजत होते. तीळ भाजताना कढईपासून हललं की संपलं. आणि नेमकी मागून हाक आली. गॅस बारीक करून, हातात कालथा घेऊन तशीच गेले.

"सांग, पाणी कुठं आहे?"

"तुम्हीच बघा की. माझे तीळ जळून राहिले तिकडं. डोळे काय माझ्याकडं गहाण ठेवले?"

मी हे आपलं रोजच्या फणकाऱ्यानं बोलले होते. ते वाकले, मान थोडी तिरकी केली, काचेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी सहज म्हणाले, "अर्धी आहे."

पाणी तळाला होतं. खालच्या नटाच्या वर नखभर, तेवढंच.

मला आधी वाटलं, ते माझी परीक्षा घेत आहेत. मुद्दाम चुकीचं सांगून मी पकडते का बघत आहेत. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. परीक्षा घेताना त्यांच्या मिशीखाली हसू असतं. ते नव्हतं. ते काचेपासून नजर काढून माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते. मी कालथा खाली ठेवला आणि पंप मारायला घेतला.

"काहून? अर्धी आहे ना," ते म्हणाले.

"असू द्या. थोडं जास्त बरं."

पंप मारता मारता एकेक गोष्ट माझ्यापुढं येऊन उभी राहायला लागली. सकाळचा पेपर ह्यांनी कधीच बंद केला होता. रोज त्याच त्या बातम्या, म्हणाले. सदर बाजारात जायचं तर स्कूटर काढत नाहीत, ऑटो करू म्हणतात. ट्रॅफिक फार झालं. पनागरहून ओळखीचा शेतकरी मटारचं पोतं देऊन जातो, तेव्हा शेंगा सोलायला माझ्याआधी बसणारा माणूस, यंदा दाण्यांतल्या अळ्या मला वेचायला लावत होता. मान तिरकी करून बघतात, त्याला मी मानेचं दुखणं समजून रोज तेल चोळून देत होते. आणि पेरूपाशी थांबणारी ती गाडी. "सांग, पाणी कुठं आहे?" ते मला शिकवत नव्हते. ते विचारत होते.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. डोळ्यांबद्दल वाईट वाटलं. राग याचा, की मला शिकवणं हेसुद्धा खोटं होतं. त्या दिवशी तीळ करपले ते करपलेच.

मी बोलायला हवं होतं. पण आमच्या घरात बोलण्याची रीत अशी, की भाजीत मीठ कमी असलं तर लगेच सांगायचं आणि छातीत दुखलं तर सांगायचं नाही. मी विचार केला, तोंडानं बोलून त्यांचा अपमान कशाला करू. त्यांच्याच भाषेत सांगावं. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मी मागं गेले. त्यांनी तयारी करून ठेवली होती. रूळ पुसलेले, लाकडाचे तुकडे रॉकेलमध्ये भिजत घातलेले, टोकन हुकावर. मी टोकन काढलं आणि कमरेला खोचलं. माझ्या मते यापेक्षा हळुवार मार्ग नव्हता. टोकन नसलं तर आग पेटणार नाही, आग नसली तर बायकांना सांगता येईल, इंजिन बिघडलं, पुढच्या वर्षी या.

ते आले, बसले आणि हात सवयीनं हुकाकडं गेला. बोटांनी हुक चाचपला. खाली जमिनीवर हात फिरवला. मग पुन्हा हुक. मी दारात उभी राहून ते बघत होते आणि ते बघणं फार अवघड होतं.

"इथलं टोकन कोणी काढलं?"

"मी."

त्यांचा आवाज चढलेला मी क्वचित ऐकला आहे. तेव्हाही चढला नाही, उलट बसला. "तुला माहीत आहे काय केलंस तू? दुसऱ्याचं टोकन कोणी काढत नसतं. बाप असो की साहेब असो. मशीनच्या आत त्याचा हात असतो. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. तू काढून टाकलं म्हणजे तुझ्या हिशेबानं मी कामावर नाहीच. मी आहे अजून."

मी टोकन कमरेतून काढून त्यांच्या हातावर ठेवलं. रीत चुकली होती हे मला कळलं. पण मूळ गोष्ट चुकली नव्हती, आणि आता ती तोंडानंच सांगावी लागणार होती.

"तुम्हाला काचेतलं पाणी दिसत नाही," मी म्हणाले.

"मला ऐकू येतं," ते म्हणाले. "तोटी उघडली की पाणी वेगळं बोलतं, वाफ वेगळी बोलते. वर्षभर चालवून राहिलो की नाही? झालं काही?"

"गाडी धावताना ऐकू येतं? एवढ्या पोरांच्या कालव्यात?"

"तू आहेस ना सांगायला."

"मी शेवटच्या डब्यावर असते."

त्यांनी टोकन हुकाला अडकवलं, लाकडं आत सरकवली आणि काडी ओढली. मी म्हणाले, "अहो, दारावर काय लिहून ठेवलं आहे तुम्ही?" ते म्हणाले, "तू आत जा. बायका येतील." टोकन आता त्यांचं होतं आणि हुकावर होतं. मी ते दुसऱ्यांदा काढू शकत नव्हते. नवऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे. ते म्हणाले त्यात तथ्य होतं म्हणून.

दुपारी बायका आल्या. कुंकू लावलं, अत्तर लावलं, वाण दिलं. माझं तोंड गोड बोलत होतं आणि कान मागं होते. वाफ सुटायला लागल्याचा आवाज आला, तशा सगळ्या हसत, पदर सावरत मागच्या अंगणात गेल्या. डबे भरले. पुढच्या डब्यावर हे, त्यांच्या मागं पोरं, मग बायका. शेजारच्या दीदी माझ्या पुढ्यातच बसल्या. मी शेवटी बसले. सगळे पाय पायफळीवर होते, सगळे पदर खोचलेले होते.

ह्यांनी इंजिनाची शिट्टी दिली. म्हणजे, ड्रायव्हर तयार आहे, गार्डनं इशारा द्यावा.

मी झेंड्या मांडीवर ठेवल्या आणि शिट्टी तोंडात घेतली नाही.

थोडा वेळ कुणाला काही कळलं नाही. पुन्हा इंजिनाची शिट्टी झाली, जरा लांब. पोरं ओरडायला लागली, "चलो, चलो." दीदी मागं वळून म्हणाल्या, "भाभीजी, झंडी तो दिखाइए." मी म्हणाले, "अभी नहीं." "क्यों, क्या हुआ?"  मला दरदरून घाम फुटला होता, जानेवारीत. दांडा ओढला तर गाडी निघेल, हे मला माहीत होतं. गार्डच्या शिट्टीशिवाय इंजिन चालत नाही असं थोडंच आहे. ते वाफेवर चालतं. मी त्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यांकडं बघत बसले. अख्खा जन्म नियम पाळणारा माणूस आज चारचौघांत नियम मोडतो का, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. तो मोडला असता तर मी उठून बायकापोरांना ओढून खाली उतरवलं असतं, आणि मग आमच्या दोघांत काय उरलं असतं, मला माहीत नाही.

त्यांनी दांडा ओढला नाही. खांदे थोडे खाली आले. मग उजवा हात पुढं गेला, हुकाशी थांबला, आणि टोकन निघाल्याचा बारीक आवाज झाला. टोकन शर्टाच्या खिशात टाकून ते हळूच उठले, सगळ्यांकडं तोंड केलं आणि कारखान्यातल्या सूचनेसारखं स्पष्ट म्हणाले, "मुझे शीशे का पानी दिखता नहीं है. साल भर से. आज गाड़ी ये चलाएँगी."

पहिल्या दोन वाक्यांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिसऱ्यानं ते जागच्या जागी आटलं. मी गाडी थांबवायला बसले होते, चालवायला नव्हे. पुढं गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मला येत नाही."

"येतं."

"अहो, एवढी पोरं बसली आहेत."

"मग वर्षभर काय करून राहिली होती?" ते म्हणाले. "मी काही नुसतं विचारून नव्हतो राहिलो. शिकवूनही राहिलो होतो. आज ना उद्या हुक रिकामा होणार, हे मला दिसत होतं. तेवढं दिसतं."

बायका ऐकत होत्या; मराठी न कळणाऱ्यांनाही कळत असावं. मी पहिल्या डब्यावर बसले. दांड्याला हात लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "काहीतरी लटकव. रिकाम्या हुकावर गाडी हलत नाही." माझ्याकडं टोकन कुठलं? मी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला, कपाटाच्या, कोठीच्या, पेटीच्या सगळ्या चाव्यांसकट, आणि हुकाला अडकवला. त्यांनी हातानं चाचपून बघितला, झेंड्या घेतल्या आणि डब्यांना हात लावत लावत मागं गेले.

मी तोटी उघडून काच पाहिली. पाणी खाली गेलं, वर आलं, अर्ध्यावर थांबलं. मागून शिट्टी झाली. दांडा अगदी हळू ओढला. इंजिनानं एक सुस्कारा सोडला आणि सगळं वजन माझ्या हातात आलं. खरं सांगते, भीतीनं माझी गाळण उडाली होती. पण हातांना सगळं येत होतं. वळणावर दांडा कमी केला, चढाच्या आधी कोळसा पातळ पसरला, काच दर थोड्या वेळानं पाहिली आणि पाणी उतरलं तसा पंप मारला. पेरूपाशी गाडी थांबवायची गरजच पडली नाही. मागं पोरं किंचाळत होती, दीदी त्यांच्या मोठ्या आवाजात हसत होत्या. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं, त्यासाठी गार्ड असतो.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या, बायका वाणाच्या वाट्या घेऊन घरोघरी गेल्या. आग काढायची बाकी होती. जाळीची खीळ ओढली की निखारे खालच्या पत्र्यावर पडतात. ती मी ओढली. ह्यांनी मागून येऊन माझ्याशेजारी बैठक मारली. त्यांचे डोळे लालबुंद झाले होते, आणि नाकाखाली काजळी.

"भिंतीच्या वळणावर सगळा धूर शेवटच्या डब्यावर येतो," ते म्हणाले.

"येतोच."

"आठ वर्षं तू तिथं बसली. बोलली काहून नाही?"

"तुम्ही तरी कुठं बोलले?"

 पत्र्यावरचे निखारे मी फावड्यानं पसरत होते. मला वाटलं, झालं, आता हा विषय मिटला. आमच्याकडं विषय असेच मिटतात. पण जरा वेळानं ते स्वतःहून बोलायला लागले. सदरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं एकटेच जाऊन आले होते. पडद्याचं दुखणं आहे. कडेकडेचं दिसतं, बरोबर मधलं दिसत नाही. जिकडं बघावं तिथंच डाग. गेलेलं परत येत नाही, आहे ते डोळ्यांत सुया घेऊन टिकवता येतं, पण त्यासाठी सारखं जावं लागतं, आणि सोबत कुणी लागतं.

"उद्या जाऊ," मी म्हणाले. "पहिल्यांदा कळलं कधी? काचेतलं पाणी दिसेना तेव्हा?"

"नाही. त्याच्या आधी."

"काय दिसेनासं झालं?"

ते पत्र्याकडं बघत होते, मान तिरकी करून. "तुझी टिकली," ते म्हणाले. "मला वाटलं तू लावणं सोडलं. महिनाभर मनातल्या मनात रागावून राहिलो तुझ्यावर. म्हटलं, मी चांगला जिवंत आहे, आणि ही अशी काय हिंडून राहिली."

"मग विचारायचं नाही?"

"विचारणार होतो. मग एक दिवस तू देवापुढं उभी राहून टिकली लावून राहिली होती. मी दारातून बघितलं. तू बोट कपाळाला लावलं, आणि मला नुसतं कपाळ दिसलं."

मी त्यांच्या अगदी जवळ सरकले, आणि त्यांचं बोट धरून माझ्या कपाळावरच्या कुंकवाला लावलं. हात त्यांचा काजळीनं भरलेला होता आणि माझाही. दोघांनाही तो पुसायचं सुचलं नाही.